ठाणे ते टिटवाळा, श्वास रोखून

लोक लंडन-पॅरिसला जाऊन येतात आणि विमानाच्या शिडीपासून लिहायला घेतात. माझ्या नशिबी विमान नव्हतं. मी ठाण्याहून टिटवाळ्याला गेलो, तेही वाळूच्या ट्रकमधून, आणि सगळं अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. तरी आयुष्यात इतका लांबचा प्रवास मी दुसरा केलेला नाही. त्या दिवशी घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, "कसा झाला टिटवाळा?" तर मी "ऊन फार होतं" एवढंच म्हणालो होतो. तिला न सांगितलेलं आता लिहून काढतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात माझी छोटी पंप-रूम होती. ट्रक-टेम्पोचे डिझेल पंप आणि नॉझल तपासून, दुरुस्त करून देण्याचं काम. नॉझल म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा बोटाएवढा भाग. मी डिप्लोमा झालेला, चांगली नोकरी सोडून या धंद्यात आलेला, पण ट्रकवाल्यांच्या जगात डिप्लोमाला कोण विचारतो? तिथं मी 'मिस्त्री'. सुरुवातीला राग यायचा, नंतर अंगवळणी पडलं.

जना कोळी माझ्याकडे त्या प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी आला होता. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचा ट्रक ओल्या वाळूचा लोड घेऊन चढ चढेना. मी जुने नॉझल काढून मोठ्या होलचे नवे बसवले, सहाच्या सहा तपासणीच्या बेंचवर लावून बघून. गाडी गेली तेव्हा घोड्यासारखी गेली. तिसऱ्या दिवशी जना परत दारात. "मिस्त्री, गाडी उभी केली का थरथरते. आणि मध्येच मरते."

मी नॉझल काढून पुन्हा बेंचवर लावले. फवारा धुक्यासारखा बारीक, प्रेशर सारखं. माझ्या कामात खोट नव्हती, हे मी त्याला जरा चढ्या आवाजात सांगितलं. (आमच्या घराण्यात चूक कबूल करण्याआधी आवाज चढवायची पद्धत आहे.) तेवढ्यात तो म्हणाला, "कुठं पण नाय मरत. पाण्यावर मरते. पूल आला, खाडी आली, का मेली. दीड मिन्टानं आपोआप चालू."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्यानं सांगितलं ते असं. ट्रक त्याचा नव्हे, थोरल्या भावाचा, मोरेश्वरचा. दोघे भाऊ मुंब्र्याच्या खाडीत डुबी मारायचे. डुबी म्हणजे पाण्यात रोवलेला बांबू धरून तळाशी जायचं, बादलीत वाळू भरायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. होडीवर बसून बादलीचा दोर त्यांची आई ओढायची. मोरूनं पैपैसा जमवून ट्रक घेतला, धाकट्याला चालवायला शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी खाली गेला. दोर हलला, आईनं ओढला. बादली वाळूनं भरलेली वर आली. मोरू आला नाही. देहही सापडला नाही.

"आय बोलते, गाडी त्याची हाय, त्याला पायजे. देऊन टाक भंगारात. उद्याचा दिवस तिनं तुम्हाला दिलाय. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर गाडी ऱ्हाईल."

"आणि नाही सापडलं तर?"

"मना दुसरं काम येतंय काय? डुबी." हे बोलताना तो माझ्या बेंचवरच्या डिझेलकडे बघत होता. भाऊ गेल्यापासून त्यानं गुडघ्याच्या वर पाणी अंगाला लावलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की उद्या मी स्वतः गाडीबरोबर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ट्रक पंप-रूमसमोर आला. कपाळावर एकवीरा माऊलीचं नाव, खाली लिंबू-मिरची. केबिनमध्ये जनाची आई आधीच बसलेली. साठीची, काटक, हिरवं लुगडं, कपाळावर काही नाही. मांडीवर डबा. ती मधे सरकली आणि मला खिडकी दिली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेताय उन्हाचा?" ती म्हणाली, "मना बगायचा हाय." (मला बघायचं आहे.)

उभ्या गाडीचं इंजिन खरंच थरथरत होतं. थंडी भरून आलेल्या माणसासारखं. डब्याचं झाकण तिच्या मांडीवर वाजत होतं. पण रिकाम्या ट्रकनं कळव्याचा पूल विनातक्रार ओलांडला. खाली भरतीचं पाणी, वर आम्ही. मी विजयानं जनाकडे बघितलं. तो म्हणाला, "रिकाम्या गाडीला तो बोलवत नाय. वाळू भरली का बोलवतो."

उजव्या हाताला पारसिकचा डोंगर, डाव्या हाताला खाडी, असा तो रस्ता. मुंब्र्याच्या रेतीबंदरावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी आयुष्यभर ठाण्यात राहून डुबी कधी पाहिली नव्हती. पाण्यात बांबू उभे होते, शेजारी होड्या. कुठेच माणूस दिसेना. मग एका बांबूच्या बुडाशी पाणी हललं आणि एक डोकं वर आलं, लाल डोळ्यांचं, तोंड उघडं. त्यानं घेतलेला श्वास मला काठावर ऐकू आला. दोन-तीन श्वास, आणि पुन्हा खाली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी पाण्यावर बुडबुडे शोधतोय. जना पाण्याकडे पाठ करून उभा होता. त्याची आई मात्र त्या बांबूंवरून नजर हलवत नव्हती.

ट्रक भरला. वाळू इतकी ओली की फळ्यांच्या फटींतून पाणी गळत होतं. खाडीतून निघून बंदराचा चढ चढायला लागलो. जनानं दुसरा गिअर टाकला, पाय दाबला, गाडी जोर करून निम्मा चढ चढली आणि मेली.

मी शेकडो इंजिनं बंद पडताना ऐकली आहेत. ती खोकतात, धक्के देतात, कुरकुरतात. हे तसं नव्हतं. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा आवाज दबत गेला आणि संपला. जनानं हँडब्रेक ओढला. मागून फक्त पाणी गळल्याचा आवाज. आणि माझ्या शेजारी मावशीनं छाती भरून श्वास घेतला आणि तो आत धरला.

आधी मला वाटलं, घाबरली. मग पाहिलं, ती समोर बघत होती, ओठ मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. उजव्या हाताची मूठ मांडीवर, दोर धरल्यासारखी. मी उगाच घड्याळ बघितलं. अर्धं मिनिट. एक मिनिट. तिचं कपाळ घामानं भिजलं. दीड मिनिटाला तिनं श्वास सोडला, "मोऱ्याऽ" अशा आवाजात, आणि जनानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

भर सकाळी दहा वाजता माझ्या हातावर काटा आला. पण मी मिस्त्री होतो. उतरलो आणि फिल्टरचा स्क्रू ढिला केला. अशा बंद पडणाऱ्या गाडीत शंभरातल्या नव्वद वेळा पाइपात हवा शिरलेली असते, डिझेलबरोबर फेस येतो. इथं हवा नव्हती. स्वच्छ, एकसंध डिझेल माझ्या बोटांवरून वाहिलं. म्हणजे गाडी मरायला काही कारणच नव्हतं.

शीळफाटा तेव्हा आजच्यासारखा नव्हता. चार रस्ते, चार टपऱ्या, धूळ आणि उभे ट्रक. तिथं चहासाठी थांबलो. टपरीवाल्यानं जनाच्या गाडीची थरथर ऐकली आणि कुणी न विचारता म्हणाला, "एक सिलेंडर मार खातोय, शेठ." हा मला अपमान वाटला, पण खरं होतं ते. मी बॉनेट उघडलं, एकेका नॉझलचा पाइप ढिला करून बघितलं. तिसऱ्याला काही फरकच पडेना. तिसरा नॉझल काढला, टॉर्च घालून आत पाहिलं, आणि मान खाली गेली. नॉझलखाली तांब्याची एकच चकती असावी लागते. जुनी चकती काजळीखाली चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवी बसवली होती. दोन चकत्या. नॉझल बसायला हवा त्याच्यापेक्षा वर बसला होता आणि फवारा जायचा तिथं जात नव्हता. बेंचवर तो निर्दोषच दिसणार होता. चूक माझी, माझ्या हातची, माझ्याच अंगणातली.

"जना, थरथर माझ्यामुळे होती," मी म्हटलं. आवाज न चढवता. त्यानं दुसरा चहा मागवला, माझ्यासाठी.

चकती काढून नॉझल बसवला. इंजिन सुरू केलं आणि चहानं भरलेला ग्लास बॉनेटवर ठेवला. चहा हलेना. टपरीवाल्यानं मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी मावशीला म्हणालो, "बघा, सापडलं कारण! आता बंद पडली तर नाव बदलीन." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मावशीनं ग्लासाकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

पुढं खिडकाळीचं देऊळ मागं पडलं आणि देसाईच्या खाडीचा लहानसा पूल आला. पुलावर चढायला थोडासाच चढ. जनानं पाय दाबला. इंजिन सुरेख आवाजात गात होतं. निम्म्या चढावर त्याच्या तोंडावर तोच हात आला आणि ते मेलं.

मावशीनं श्वास घेतला आणि धरला. मी घड्याळ बघितलं. खाली ओहोटीचा काळा चिखल, त्यात एक बगळा, आणि मागून पाणी गळत होतं. एव्हाना ते गळायचं थांबायला हवं होतं, असं मला वाटत होतं. दीड मिनिट. "मोऱ्याऽ." किल्ली. सुरू.

पूल ओलांडल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही श्वास का धरता?"

"होरीवर धरायचे ना मी," ती सहज म्हणाली. (होरी म्हणजे होडी.) "पोरगा खाली गेला का मी पन दम धरायचे. माजा दम संपला का समजायचा, त्याचा पन संपला. मंग दोर ओरायचा." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दिशी मी आधी सोरला. खोकला आला मना." (सोरला म्हणजे सोडला.) जनानं हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. त्याच्यासाठीही ही गोष्ट नवीन असावी.

डोंबिवलीचे कारखाने, त्यांचा उग्र वास, मग पत्रीपूल आणि कल्याण. पत्रीपुलावर खाली पाणी नाही, रूळ आहेत. मुंगीच्या पावलानं सगळी वाहनं सरकत होती आणि आम्हीही सरकलो. गाडी मेली नाही. जना माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघितलं?" बाजाराच्या गर्दीत हातगाड्या, टांगे, रिक्षा, गोण्या. एवढ्या माणसांत मला जरा बरं वाटलं. एका हमालानं ओरडून सांगितलं, "ओ, पाणी सांडतंय तुमचं!" मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर ओली रेघ उमटली होती, आमच्या मागोमाग.

मुरबाड रस्त्यानं निघालो आणि माणसं विरळ होत गेली. ऊन डोक्यावर. आमच्याकडे भर बाराच्या वेळेला नदीवर जाऊ नये म्हणतात, आणि मी असल्या गोष्टींची थट्टा करत आलोय. रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल आला तेव्हा माझ्या घड्याळात बाराला पाच कमी होते. मी पाना हातात घेऊन तयारच बसलो होतो.

पुलाच्या चढावर इंजिन गेलं, तसा मी उडी मारून उतरलो. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाचा जोड मी ढिला केला. त्यातून डिझेल टपकायला हवं. टपकलं नाही. उलट त्या पाइपानं हवा आत ओढून घेतली. लांब, थकलेला श्वास घेतल्यासारखा आवाज. आणि त्याच क्षणी वर केबिनमध्ये मावशीनं श्वास सोडला.

पंप-रूमच्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. पाइप हवा ओढतो याचा अर्थ त्याचं दुसरं टोक कशानं तरी बंद झालंय. हे मी शिकाऊ पोरांना शिकवतो. पण तिथं, त्या पुलावर, मला एवढंच वाटलं की आत कुणीतरी आहे. मी जोड कसाबसा आवळला, हातपंप मारून हवा काढली आणि वर चढलो. भीती वाटली हे लिहायला आता लाज वाटत नाही.

पूल ओलांडून एका आंब्याखाली मावशीनं डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या घरात लसूणसुद्धा बेतानं. मी भाकरी आणि कांदा घेतला, मग चटणीचं बोट चाटलं, मग सगळीच खाल्ली. जना जेवला नाही. झाडाला टेकून तो कान चोळत होता. "डुबीवाल्यांचे कान दुखतात," तो म्हणाला. "माजे तीन वर्सं नाय दुखले. आज दुखतात." एवढं बोलून तो उठला आणि टायर तपासायला गेला. मला पहिल्यांदा नीट कळलं की संध्याकाळी मी हात वर केले तर हा माणूस पाण्याखाली जाणार आहे.

गोवेलीहून टिटवाळ्याकडे वळलो. वाळू रुळांपलीकडे नव्या इमारतीच्या कामावर उतरवायची होती. रेल्वे फाटक उघडं होतं. रस्ता रुळांवर चढतो तिथं छोटासा उंचवटा, आणि त्याच्या अलीकडे आम्हाला एका बैलगाडीसाठी थांबावं लागलं. गाडी पुढं गेली. जनानं पहिला गिअर टाकून जोर केला. पुढची चाकं रूळ ओलांडून गेली आणि इंजिन मेलं.

तिथं पाणी नव्हतं. पूल नव्हता. मागं मात्र पाणी गळत होतं, रुळांवर.

फाटकवाला खोलीतून धावत आला. "ओ ड्रायव्हर! काढा, काढा! कसाऱ्याची येतेय!"

मावशीनं श्वास धरला होता. जना किल्लीवर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होता. मी ओरडलो, "पहिल्या गिअरमध्येच सेल्फ मार! सेल्फवर सरकेल गाडी!" बंद इंजिनाची गाडी स्टार्टरच्या जोरावर चार हात सरकवता येते, हे कुठल्याही ड्रायव्हरला माहीत असतं. जनाला माहीत होतं. तो म्हणाला, "आय सोडत नाय तवर नाय व्हनार चालू, मिस्त्री." त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

दूरवर शिट्टी ऐकू आली. फाटकवाला लाल झेंडा घेऊन रुळांवरून पळत सुटला. मी मावशीचं मनगट धरलं. मूठ लोखंडासारखी. "मावशी, खाली कुणी नाही! तुमचा मुलगा वर आहे. हा इथं, शेजारी. जना वर आहे, मावशी!"

तिनं मान वळवली. जनाकडे अशी बघायला लागली, जणू तो आत्ताच पाण्यातून वर आलाय. मग तिचे ओठ उघडले आणि सगळा श्वास एकदम बाहेर आला. "जना."

त्यानं किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, ट्रकनं एक हिसका दिला, दुसरा, तिसऱ्याला इंजिन पेटलं आणि आम्ही उताराला लागलो. वाळू भरलेलं मागचं धूड रुळांवरून खाली उतरल्याचं मला कमरेत जाणवलं. लोकल अलीकडे थांबली होती. मोटरमननं खिडकीतून जनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो ऐकून मला रडायला आलं. फाटकवाल्यानं आमच्यासमोर हात जोडले, रागानं की देवाला, ते कळलं नाही.

इमारतीच्या कामावर मजूर वाळू उपसायला लागले. मी सावलीत विटांवर बसलो होतो. मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मिस्त्री, त्याला भायेर कार." (बाहेर काढ.)

मला वाटलं, खाडीतून. मी म्हणालो, "मावशी, तीन वर्षं झाली."

तिनं बोट केलं. डिझेलच्या टाकीकडे.

त्यांच्या घरात रीत होती. होडीला नवं वल्हं किंवा नवं शीड लागलं की घरातल्या गेलेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा घ्यायचा, त्यात हळकुंड आणि सुपारी गाठ मारून ठेवायची आणि ती पुरचुंडी होडीच्या पोटात सरकवायची. म्हणजे गेलेला वाट दाखवतो. ठेवणारीनं ते कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं की गेलेला उठून जातो. गाडीला नवे नॉझल लागले त्या दिवशी तिनं मोरूच्या कमरेच्या रुमालाची अशी पुरचुंडी केली. गाडीचं पोट कुठलं, तर टाकी. टाकीच्या तोंडावरची जाळी कधीच फाटून गेलेली. पहाटे उठून तिनं पुरचुंडी आत सोडली. "वाट दाखवल, असा वाटला मना," ती म्हणाली. "त्यो तर वरूनच घेतो." (ओढूनच घेतो.)

आता सगळं कोडं सुटत होतं आणि मला माझीच कीव येत होती. पुलावर पाणी असतं तसा चढही असतो. भरल्या गाडीनं चढावर जोर केला की पंप टाकीतून जास्तीत जास्त डिझेल ओढतो, त्यात माझे नॉझल मोठ्या होलचे. तळाशी पडलेला रुमाल उचलला जायचा आणि पाइपाच्या तोंडावर बसायचा. इंजिन उपाशी मरायचं. ओढ संपली की रुमाल सुटायचा. रुळांजवळही चढच होता. मी सहा नॉझल तीन-तीनदा तपासले आणि टाकीत एकदाही डोकावलो नाही. टाकी माझं काम नव्हे, अशी माझी ऐट.

डिझेल पिंपात काढलं. टाकीवरची प्लेट खोलली. मी हात घालणार होतो, पण जनानं मला बाजूला केलं. त्यानं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल टाकीच्या पत्र्यावर टेकलेला. मजूर फावडी थांबवून बघत राहिले. त्याची आई त्याच्या मागं उभी होती, आणि या खेपेला तिनं श्वास धरला नाही. हळूहळू, मोठ्यानं, घेत-सोडत राहिली. त्याला ऐकू जावा म्हणून घेत असावी.

"लागला," जना म्हणाला आणि हात बाहेर आला. लाल चौकड्यांचा रुमाल, फुगून मुठीएवढा झालेला.

टिटवाळ्याला लोक गणपतीला जातात. आम्ही काळू नदीवर गेलो. ऊन कललं होतं. मावशीनं दगडावर रुमाल ठेवला आणि जनाला म्हणाली, "आग दे भावाला." डिझेल प्यालेलं कापड पहिल्या काडीलाच पेटलं आणि एवढ्याशा कापडाच्या मानानं फार वेळ जळत राहिलं. काळा धूर सरळ वर गेला. तेव्हा ती रडली, तीन वर्षांचं सगळं. जना नदीत उतरला, गुडघ्याच्या वर, कमरेपर्यंत, आणि राख पाण्यात सोडून बाहेर आला. मी चपला काढून हातात धरून उभा होतो, काय करावं ते न कळून.

परतीचा रस्ता लवकर संपला. रिकामी गाडी कुठेच बंद पडली नाही. ती तशीही पडत नव्हती. मावशी या खेपेला खिडकीशी बसली होती, डोकं टेकून झोपलेली. ठाण्याला मी उतरलो तेव्हा जागी होऊन म्हणाली, "कारन सापरला ना, मिस्त्री? मंग गारी ऱ्हाईल." पुढच्या आठवड्यात जनानं चार भरलेल्या खेपा केल्या. एकदाही गाडी मेली नाही.

इथं हे प्रवासवर्णन संपायला हवं. पण मला खोड आहे. मी एका पत्र्याच्या डब्यात डिझेल घेतलं, पाइपाला पंप जोडला आणि स्वतःच्या रुमालात सुपारी बांधून तसाच प्रयोग केला. रुमाल पाइपाला चिकटला. पंप थांबवला, आणि घड्याळ बघितलं. रुमाल सुटून तळाशी जायला आठ सेकंद लागले. पुन्हा केलं. आठ, नऊ. लांब पाइपात ओढ जास्त वेळ टिकत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण मग बंदरावर आणि देसाईच्या पुलावर, दोन्ही वेळा बरोबर दीड मिनिट का? आणि रुळांवर, तिनं श्वास लवकर सोडला तेव्हा, वीस सेकंदांत गाडी सुरू कशी झाली? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

हे मी जनाला सांगितलं नाही आणि त्याच्या आईला तर नाहीच. जना पुढं कितीतरी वर्षं तोच ट्रक चालवत राहिला, डुबीला गेला नाही. त्या टाकीच्या तोंडावर मी स्वतःच्या हातानं नवी जाळी बसवून दिली, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीची आधी टाकी उघडून बघतो.